सुटलेल्यांची यादी

१८६३ सालचा मार्च महिना. अमेरिकेतल्या यादवी युद्धाला दोन वर्षं होत आली होती आणि उत्तरेच्या फौजेत आपणहून नाव घालणाऱ्यांचा ओघ आटला होता. तेव्हा वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला. २० ते ४५ वयाच्या पुरुषांची नावं घरोघर फिरून लिहून घ्यायची, सोडत काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं बंदूक खांद्याला लावायची. इथवर ठीक. पण याच कायद्यात पुढे एक सोय करून ठेवली होती. नाव निघालं तर आपल्या जागी दुसरा माणूस उभा करा; नाहीतर सरकारात ३०० डॉलर भरा आणि घरी बसा. ३०० डॉलर म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई.

जुलैत न्यूयॉर्कमध्ये सोडतीला सुरुवात झाली. निघालेली नावं वर्तमानपत्रांत छापून आली आणि सोमवारी, १३ जुलैला, शहर पेटलं. भरतीचं कार्यालय जाळलं, टेलिग्राफच्या तारा तोडल्या, रेल्वेचे रूळ उखडले. रस्त्यात कुणी चांगल्या कपड्यातला दिसला की जमाव ओरडायचा, ‘तो बघा तीनशे डॉलरवाला!’ मग हा राग वळला तो ज्यांचा भरतीच्या कायद्याशी काही संबंध नव्हता त्यांच्याकडे. काळ्या माणसांना दिव्याच्या खांबांना टांगलं गेलं, काळ्या मुलांचं अनाथालय जाळलं गेलं. मुलं मागच्या बाजूनं कशीबशी वाचली. चार दिवसांत शंभरावर माणसं मेली आणि नुकत्याच गेटिसबर्गहून परतणाऱ्या पलटणी शहरात आणाव्या लागल्या.

तिकडे दक्षिणेत वेगळं काही नव्हतं. दक्षिणेनं तर सक्तीची भरती वर्षभर आधीच, एप्रिल १८६२ मध्ये सुरू केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यात एक सूट घातली: ज्या मळ्यावर २० किंवा अधिक गुलाम असतील तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला लष्करात यावं लागणार नाही. कारण काय, तर गुलामांवर देखरेख कोण ठेवणार? गुलामगिरी टिकवायला चाललेल्या युद्धातून गुलामांचे धनीच वगळलेले. ‘युद्ध श्रीमंतांचं, लढाई गरिबांची’ हे वाक्य दोन्ही बाजूंच्या छावण्यांत म्हटलं जात होतं, यात नवल नाही.

सक्तीच्या लष्करभरतीचा इतिहास सहसा भरती झालेल्यांच्या बाजूनं सांगितला जातो. किती लाख गेले, किती परतले, कुठल्या सेनापतीनं त्यांचं काय केलं. मला मात्र या कायद्यांचं शेपूट वाचायची खोड लागली आहे. मुख्य कलमं सगळीकडे सारखीच असतात. देश, कर्तव्य, वय वर्षं अमुक ते तमुक. खरी गंमत सुटीच्या यादीत. कोणाला वगळलं, किती पैशांत वगळलं, कोणत्या दुखण्यासाठी वगळलं, हे वाचलं की त्या राज्याला कोण मोलाचं वाटत होतं आणि कोण फुकट गेला तरी चालण्यासारखा होता, ते कुठल्याही भाषणापेक्षा स्पष्ट कळतं. आणि माझं असं मत होत चाललं आहे की लोकांचा राग सक्तीवर असतो त्याहून किती तरी अधिक या यादीवर असतो. सर्वांवर सारखी पडणारी वेठ माणसं दात-ओठ खात का होईना सोसतात. शेजारचा सुटला हे मात्र सोसवत नाही.

वाचता वाचता मी एक खेळही खेळतो. या सालात, या देशात मी असतो तर सुटलो असतो का? भांडवल काय, तर जाड भिंगाचा चष्मा, घरातलं थोरलेपण आणि वडिलोपार्जित असं काहीच नाही. निकाल दर वेळी वेगळा येतो.

रोममध्ये लागला असता तो बहुधा अंगठ्यावर. ऑगस्टसच्या काळात एका प्रतिष्ठित नागरिकानं आपल्या दोन तरुण मुलांचे अंगठे कापून टाकले, म्हणजे त्यांना तलवार धरता येऊ नये. ऑगस्टसनं त्याची मालमत्ता तर विकलीच, त्यालाही लिलावात काढलं. पुढे चौथ्या शतकात ही चाल इतकी वाढली की अंगठे कापून घेणाऱ्यांना जाळण्याचा हुकूम निघाला. त्यानं भागलं नाही. ३८१ साली सम्राट थिओडोसिअसनं व्यवहारी तोडगा काढला: धडधाकट माणूस देता येत नसेल, तर त्याच्या बदल्यात अंगठे तोडलेले दोन द्या. एका साम्राज्यानं आपल्याच प्रजेशी केलेली ही घासाघीस वाचून हसावं की काय करावं ते कळत नाही.

शरीर हेच सुटकेचं साधन, हे त्यानंतर शतकानुशतकं चालत आलं. पुढचे दात नसतील तर काडतुसाचा कागद दातांनी फाडता येत नाही, म्हणून नेपोलियनच्या काळात तरुण आपले पुढचे दात उपटून घेत. १८२० नंतर इजिप्तमध्ये मेहमत अली पाशानं शेतकऱ्यांना पकडून फौज उभी करायला घेतली, तेव्हा माणसं तर्जनी तोडून घेत, एक डोळा फोडून घेत. पुष्कळदा आयाच आपल्या मुलांचे डोळे घालवत. पाशानं आधी शिक्षा करून पाहिल्या. मग त्यानं अशा व्यंग करून घेतलेल्यांच्याच पलटणी काढल्या. रोम आणि कैरो यांच्यामध्ये दीड हजार वर्षांचं अंतर, पण दोन्हीकडचं सरकार शेवटी एकाच ठिकाणी पोचलं: तोडलेला तर तोडलेला, चालेल.

मी मात्र इथे खेळ थांबवतो. दात उपटायचं धैर्य आपल्यात आहे की नाही हा प्रश्न चष्म्याच्या नंबरासारखा सोपा नाही.

ही झाली पकडून नेण्याची गोष्ट. रशियात झार पीटरनं १७०५ पासून जी भरती सुरू केली तीही याच जातीची. ठरावीक घरांमागे एक माणूस; नोकरी जन्मभराची, १७९३ नंतर पंचवीस वर्षांची. गावातून रंगरूट निघाला की बायका मयताला म्हणतात ती रडगाणी म्हणत. कोणाला पाठवायचं हे पुष्कळ ठिकाणी गाव किंवा जमीनदार ठरवी, आणि अर्थातच जे डोईजड होतात ते आधी जात. इथे प्रजेचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. मत विचारण्याजोगी भरती फ्रान्सनं आणली.

२३ ऑगस्ट १७९३ चा फ्रेंच राष्ट्रीय सभेचा ठराव आजही वाचताना अंगावर येतो. तरुण लढायला जातील, विवाहित पुरुष शस्त्रं घडवतील आणि रसद वाहतील, बायका तंबू आणि कपडे शिवतील, इस्पितळांत काम करतील, मुलं जुन्या कापडाच्या मलमपट्ट्या करतील, म्हातारे चौकांत जाऊन लोकांना स्फुरण देतील. सुटीची यादीच नाही! म्हाताऱ्यांनासुद्धा काम. जगात प्रथमच एका राज्यानं म्हटलं की सैन्य राजाचं नाही, आपलं आहे, तेव्हा सगळेच त्यात या.

पण त्याच वर्षी सहा महिने आधी काय झालं होतं तेही पाहायला हवं. फेब्रुवारीत तीन लाख माणसांची मागणी निघाली आणि मार्चमध्ये पश्चिमेकडच्या वांदे प्रांतात बंड उसळलं. धर्म, राजा, धर्मगुरूंवरची सक्ती, अशी बरीच कारणं आधीपासून साचली होती; ठिणगी मात्र भरतीची. आणि त्यातही लोकांना झोंबलेली एक गोष्ट ही, की नव्या राजवटीचे गावातले कारभारी स्वतः या भरतीतून मोकळे होते. भरतीच्या याद्या करणारे घरी राहणार, यादीतले जाणार. त्या बंडात आणि ते चिरडताना मेलेल्यांचा आकडा लाखांवर गेला.

१७९८ मध्ये फ्रान्सनं भरतीचा कायमचा कायदा केला आणि लवकरच पैसेवाल्यांसाठी दार उघडलं: बदली माणूस. एकोणिसाव्या शतकात या बदली माणसांचा रीतसर बाजार तयार झाला. सोडतीत वाईट नंबर येईल या भीतीनं बाप मुलाचा विमा उतरवून ठेवत. नंबर आला तर कंपनी बदली माणूस उभा करी. ज्याला विम्याचा हप्ता परवडत नाही तो सात वर्षं जाई. नेपोलियन असताना विवाहितांना सवलत होती, म्हणून १८१३ मध्ये रशियातून फौज उद्ध्वस्त होऊन आल्यावर गावोगाव लग्नांची एकच घाई उडाली. लक्षात ठेवा हे. ही घाई पुन्हा भेटणार आहे.

१८७० मध्ये प्रशिया या जर्मन राज्यानं फ्रान्सला धूळ चारली आणि सगळ्या जगानं एकच धडा घेतला, की भाडोत्री बदल्यांची फौज सर्वांच्या फौजेपुढे टिकत नाही. फ्रान्सनं १८७२ मध्ये बदली माणूस बंद केला, रशियानं १८७४ मध्ये सर्व वर्गांना भरती लागू केली. जपाननं १८७३ मध्ये हे घेतलं, पण भोकांसकट. २७० येन भरले की सूट, घराचा कर्ता किंवा वारस असेल तर सूट. मग काय, धाकटी मुलं भराभर निपुत्रिक घरांत दत्तक जाऊ लागली आणि वारस होऊ लागली. होक्काइदो बेटावर काही वर्षं भरती लागू नव्हती, तर तिथे नुसती घरनोंदणी हलवायची. १८९२ मध्ये अशी नोंदणी हलवणाऱ्यांत एक तरुण विद्यार्थी होता, नात्सुमे सोसेकी. पुढे जपानच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. (जपानमध्ये मी सुटलो असतो. थोरला असल्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.)

आता एक चमत्कारिक गोष्ट घडली. भोकं जसजशी बुजत गेली तसतसा सुटण्याचा अर्थच पालटला. फ्रान्समध्ये शतकाच्या अखेरीला भरतीच्या तपासणीत पास झालेले तरुण छातीवर बिल्ले आणि फिती लावून वाजतगाजत फिरत. काही बिल्ल्यांवर ‘सेवेला योग्य’ असं, तर काहींवर ‘पोरींना योग्य’ असं लिहिलेलं. नापास झालेला खाली मान घालून घरी. ज्या आज्यांनी मुलांना नंबर येऊ नये म्हणून नवस केले असतील, त्यांच्या नातवांना सूट मिळणं म्हणजे पुरुषपणावरचा डाग वाटू लागला. याला राष्ट्रवादाची शिकवण कारण आहे, शाळा कारण आहे, हे मान्य. पण मला वाटतं साधं कारण हेही आहे की आता डॉक्टरचा मुलगाही त्याच रांगेत उघडा उभा होता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये ही लाज इंग्लंडमध्ये रस्त्यावर वाटली जाऊ लागली. तिथे तेव्हा सक्तीची भरती नव्हती, आणि ती नाही याचा त्या देशाला अभिमान होता. फोकस्टन गावात एका निवृत्त आरमारी अधिकाऱ्यानं बायकांना हाताशी धरून, साध्या कपड्यात दिसेल त्या तरुणाला पांढरं पीस द्यायची मोहीम काढली. पीस म्हणजे भित्रेपणाचं प्रशस्तिपत्र. रजेवर आलेल्या, जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनाही ती पिसं मिळाली. कायदा यायच्या आधीच समाजानं आपली सुटलेल्यांची यादी करायला घेतली होती.

कायदा जानेवारी १९१६ मध्ये आला, आधी अविवाहितांसाठी, मेपासून विवाहितांसाठीही. त्यात सूट मागायची चार कारणं होती: देशाला आवश्यक काम, घरची हलाखी, आजारपण, आणि विवेकबुद्धीला पटत नाही हे. अर्ज ऐकायला गावोगाव न्यायमंडळं बसली. त्यांत नगरसेवक, व्यापारी, जमीनदार, आणि सोबत लष्कराचा एक प्रतिनिधी. इतिहासात गाजले ते विवेकबुद्धीवाले, सुमारे १६ हजार. प्रत्यक्षात मंडळांपुढे गर्दी होती ती इतरांची. विधवा आईचा एकुलता एक कमावता, एकट्यानं दुकान सांभाळणारा, घोड्यांना नाल ठोकणारा पंचक्रोशीतला शेवटचा लोहार. अर्ज लाखांनी आले. म्हणजे त्या देशभक्तीच्या लाटेत, पिसांच्या वर्षावात, लाखो घरांनी कागदावर लिहून दिलं की आमचा मुलगा सोडा. मोठ्या शब्दांत ते युद्धाच्या विरोधात नव्हतेच. त्यांना फक्त आपला माणूस हवा होता.

नकार देणाऱ्यांचं काय झालं त्यातला एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मे १९१६ मध्ये अशांपैकी काही जणांना जबरदस्तीनं फ्रान्सला नेलं, कारण तिथे आघाडीवर हुकूम मोडला की मृत्युदंड देता येतो. जूनमध्ये सैनिकांना ओळीत उभं करून त्यांच्यापुढे शिक्षा वाचली: गोळ्या घालून मृत्यू. अधिकारी थांबला. सरसेनापतींनी शिक्षा कायम केली आहे, तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. मग वाचलं, की तिचं रूपांतर दहा वर्षांच्या सक्तमजुरीत केलं आहे. असे एकूण ३५ जण होते. ते दोन विराम कुणाच्या डोक्यातून निघाले असतील याचा मी कधी कधी विचार करतो. युद्ध संपताना या नकारवाल्यांपैकी बहुतेकांचा मताधिकारही पाच वर्षांसाठी काढून घेतला. आणि १९२१ मध्ये सरकारनं त्या सगळ्या न्यायमंडळांचे कागद नष्ट करायचं ठरवलं. नमुना म्हणून एक-दोन भागांतले तेवढे ठेवले. लढलेल्यांची नावं गावोगाव दगडांवर कोरली जात होती त्याच दिवसांत.

माझ्या मताला अडचणीत आणणारा देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. तिथे पंतप्रधान बिली ह्यूझनं परदेशी लढण्याची सक्ती करावी का असं थेट जनतेलाच विचारलं, ऑक्टोबर १९१६ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९१७ मध्ये. दोन्ही वेळा जनता ‘नाही’ म्हणाली. पहिल्या वेळी सुमारे ७२ हजार मतांनी. यात सुटीच्या यादीचा राग नव्हता, कारण परदेशी लढण्याच्या सक्तीची यादी अजून नव्हतीच. तो देश युद्धाच्या बाजूचा होता, त्याचे स्वयंसेवक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत लढून आले होते, फ्रान्समध्ये लढत होते. तरी म्हणाला, जाईल तो आपणहून जाईल. खंदकातल्या सैनिकांनीही मतं दिली. ती सक्तीच्या बाजूनं पडली, पण थोडक्यात. म्हणजे चिखलात उभ्या असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसांना वाटलं की आपल्या मदतीलासुद्धा कुणाला ओढून आणू नये. कामगार संघटना, मेलबर्नचा आयरिश आर्चबिशप मॅनिक्स, गोऱ्यांच्या नोकऱ्या जातील ही भीती, शेतकऱ्यांची मजुरांची गरज, अशी कारणं इतिहासकार देतात. सगळी खरी. मला त्यातलं ते सैनिकांचं मत सोडवत नाही.

आता व्हिएतनाम. तिथे वयात आलेल्या सुमारे २ कोटी ७० लाख अमेरिकन पुरुषांतून २२ लाखांना सक्तीनं नेलं. म्हणजे बाराएकातला एक. सक्ती म्हणायचं, पण बहुतेकांना ती लागणार नाही. अशा वेळी सूट हाच कायदा होतो. महाविद्यालयात शिकत असाल तर सूट. मूल असेल तर सूट. लग्न झालेल्यांचा नंबर शेवटी, असं केनेडीनं १९६३ मध्ये केलं होतं. जॉन्सननं २६ ऑगस्ट १९६५ ला जाहीर केलं की आज मध्यरात्रीनंतर होणारी लग्नं धरली जाणार नाहीत. त्या संध्याकाळी जोडपी मिळेल त्या वाहनानं लास व्हेगासकडे धावली. फ्रान्समधली ती १८१३ ची घाई, दीडशे वर्षांनी, मोटारीतून.

आणि हवी तेव्हा ही यादी आखूडही करता येते. मुहम्मद अलीला १९६४ मध्ये बुद्धिमापन चाचणीत कमी गुण पडले म्हणून लष्कराला नालायक ठरवलं होतं. माणसं कमी पडू लागली तशी गुणांची पट्टी खाली आणली आणि १९६६ मध्ये तोच अली लायक झाला. संरक्षणमंत्री मॅकनमारानं तर अशा आधी नाकारलेल्यांना घेण्याची योजनाच काढली आणि तीन लाखांहून अधिक माणसं तिच्यातून घेतली, बरीचशी गरीब घरांतली. अलीनं २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये पुढे पाऊल टाकायला नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद गेलं, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली.

महाविद्यालयीन मुलांच्या सुटीबद्दलची ओरड वाढली तेव्हा सरकारनं न्याय करायचं ठरवलं: सोडत. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री टीव्हीच्या पडद्यावर एका काचेच्या बरणीतून ३६६ निळ्या कुप्या एकेक करून काढल्या गेल्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. शेवटची ८ जून. त्या वयोगटातला १४ सप्टेंबरला जन्मलेला प्रत्येक तरुण पहिला, ८ जूनवाला ३६६वा. त्या सोडतीतले १९५ व्या क्रमांकापर्यंतचे बोलावले गेले. याहून निःपक्षपाती काय असणार? तर महिनाभरात संख्याशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवले की कुप्या नीट ढवळल्याच नव्हत्या. बरणीत ओतण्याआधी त्या महिन्यावार एका पेटीत टाकल्या होत्या, डिसेंबरच्या सर्वांत शेवटी, आणि त्या वरच राहिल्या. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त पाच १९५ च्या पलीकडे गेल्या. सारखी वाटणी झाली असती तर चौदाएक जायला हव्या होत्या. म्हणजे डिसेंबरात जन्मलेली काही मुलं व्हिएतनामला गेली ती कुणाचा तरी हात थोडा कमी फिरला म्हणून. पुढच्या वर्षी दोन पिंपं आणून नीट ढवळलं.

या सोडतीचा एक उपयोग तिच्या कर्त्यांच्या ध्यानीमनी नव्हता. कोण गेला आणि कोण राहिला हे नशिबानं ठरलेलं असल्यामुळे पुढे जोशुआ अँग्रिस्ट या अर्थशास्त्रज्ञाला दोघांच्या आयुष्यांची खरी तुलना करता आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जाऊन आलेल्या गोऱ्या सैनिकांची कमाई न गेलेल्यांपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. मिल्टन फ्रीडमन हा अर्थशास्त्रज्ञ म्हणत असे की सक्तीची भरती हा कर आहे, फक्त तो पैशात न घेता माणसाच्या वर्षांत घेतात. अँग्रिस्टनं त्या कराची पावती काढली असं म्हणता येईल. १९७३ मध्ये अमेरिकेनं सक्ती बंद केली.

सोडतीनं राग शांत होतो का? थायलंडमध्ये दर एप्रिलला एकवीस वर्षांचे तरुण रांगेत बसतात आणि एका मडक्यात हात घालतात. काळी चिठ्ठी आली तर मोकळा, लाल आली तर दोन वर्षं. काळी आलेला उड्या मारतो, लाल आलेला कधी कधी तिथेच कोसळतो, आणि हे सगळं मित्र-नातलगांच्या देखत. क्रूर आहे, पण मडक्याशी भांडता येत नाही. भांडण होतं ते मडक्यापाशी न येणाऱ्यांवरून.

दक्षिण कोरियात हे भांडण फार उघड चालतं. ऑलिंपिकमध्ये पदक किंवा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तर खेळाडूची दीड-दोन वर्षं वाचतात. फुटबॉलपटू सन ह्युंग-मिन २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जपानविरुद्धचा अंतिम सामना खेळला तेव्हा सगळ्या देशाला माहीत होतं की मैदानात काय पणाला लागलं आहे. अभिजात संगीताच्या ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्यालाही सूट आहे. पण जगभर गाजलेल्या बीटीएस या पॉप गायकांच्या गटातल्या मुलांना ती मिळाली नाही. वर्षानुवर्षं वाद झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्यातला थोरला जिन मुकाट्यानं भरती झाला. व्हायोलिन वाजवणारा सुटतो आणि लाखोंना नाचवणारा नाही, याचं तर्कशास्त्र मला उमगलेलं नाही. तरी बीटीएसचा मान त्यानं वाढलाच. याउलट, २००२ मध्ये भरतीच्या तोंडावर अमेरिकेचं नागरिकत्व घेणारा गायक यू सुंग-जुन. त्याला तेव्हापासून देशात प्रवेश नाही, आणि लोकांचा राग वीस वर्षांनंतरही उतरलेला नाही. शस्त्र नाकारून निमूटपणे तुरुंगात गेलेल्या, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातल्या हजारो तरुणांचा प्रश्न तिथल्या घटना न्यायालयानं २०१८ मध्ये सोडवला: पर्यायी सेवा द्या. ती आता आहे, तुरुंगात काम करायची, ३६ महिने. सैनिकाच्या दुप्पट. सूट द्यायची पण महाग करून द्यायची, म्हणजे शेजाऱ्याला झोंबणार नाही.

बायका या यादीत कायम होत्या, कुणी नाव न घेता. ब्रिटननं डिसेंबर १९४१ मध्ये अविवाहित तरुणींना सक्तीच्या सेवेत घेतलं. इस्राएल सुरुवातीपासून घेतं. नॉर्वेनं २०१५ पासून मुलामुलींना एकच कायदा लावला आणि तिथे चित्र पार उलटं झालं. दरवर्षी साठेक हजार तरुण त्या वयाचे होतात, लष्कराला हवे असतात दहाएक हजार. मग निवड होते आणि निवडलं जाणं हे नोकरीच्या अर्जात लिहायची गोष्ट ठरते. सक्तीच्या भरतीत प्रवेश मिळाला नाही म्हणून हिरमुसलेली मुलं! वांदेतल्या शेतकऱ्याला हे सांगून पटलं नसतं.

भारतात सक्तीची भरती कधी रीतसर आली नाही, पण पहिल्या महायुद्धात पंजाबात जिल्ह्यांना रंगरुटांचे आकडे नेमून दिले होते आणि ते पुरे करताना आपखुशीचा अर्थ फारसा उरला नव्हता. कदाचित हे ठाऊक असलेल्या पिढीनं संविधान लिहिलं म्हणून असेल, पण अनुच्छेद २३ मी वाचला तेव्हा चकित झालो. आधी वेठबिगारीला बंदी. मग दुसऱ्या खंडात मुभा: सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, पण ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. भरती आहे की नाही याचा पत्ता नाही, पण सुटीच्या यादीत काय नसावं हे आधीच ठरवून ठेवलेलं. त्या चार शब्दांत लिंग नाही, हेही नजरेतून सुटू नये.

जिथे सगळं आपखुशीचं आहे तिथे हा प्रश्न मिटला असं मी पूर्वी समजत असे. पण स्वेच्छेच्या फौजेत ज्याला दुसरी बरी नोकरी मिळते त्याला आपोआप सूट असते. त्यासाठी ३०० डॉलर मोजावे लागत नाहीत, न्यायमंडळापुढे उभं राहावं लागत नाही, पीसही मिळत नाही. म्हणून तर दंगली होत नाहीत.

युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. सुटीची यादी तिथेही आहे: तीन किंवा अधिक मुलांचा बाप, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा, विद्यापीठात शिकणारा. शेवटच्या कलमामुळे तिशीतले, चाळिशीतले पुरुष एकाएकी पुन्हा विद्यार्थी झाले आणि सरकारला ते भोक बुजवत बसावं लागलं. पण या यादीतली सर्वांत मोठी सूट वयाची आहे आणि ती जगाच्या रिवाजाच्या उलट आहे. सक्तीनं लढायला न्यायचं किमान वय तिथे २७ होतं. एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या वादानंतर ते २५ केलं. ते १८ करा असा अमेरिकेचा आग्रह होता. त्याच अमेरिकेनं १९७१ मध्ये, लढायला पाठवण्याइतकी मोठी आहेत तर मतही द्यायला हवं, म्हणून अठरा वर्षांच्यांना मताधिकार दिला होता. युक्रेननं मानलं नाही. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या हलाखीत तिथे मुलं फार कमी जन्मली. आज विशीत असलेली पिढी इतकी विरळ आहे, की ती खर्ची पडली तर पुढे देशात माणसं कुठून आणायची हा हिशेब आहे. त्यामुळे आघाडीवरच्या शिपायाचं सरासरी वय चाळिशीच्या पुढे. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या पुरुषांना सीमा ओलांडायची मुभाही मिळाली आणि त्यावर टीका सुरू झाली, की पंचेचाळिशीचा बाप तिसरं वर्ष खंदकात काढतोय आणि वीस वर्षांचा सुदृढ मुलगा पोलंडला चालला आहे. टीका चुकीची नाही. आणि तो मुलगा पुष्कळदा त्याच बापाचा असतो.